नऊ नकलबॉलर आणि एक लॅमिनेशन मशीन

जो स्वतःभोवती फिरत नाही, तो आयुष्यभर भरकटत राहतो.

हे वाक्य मी एकदा इथल्या मंडळाच्या संक्रांतीच्या कार्यक्रमात माईकवर बोललो. पहिल्या रांगेतल्या दोन काकूंनी डोळे मिटून मान डोलावली, आणि एका काकांनी नंतर मला बाजूला घेऊन हे उपनिषदात नेमकं कुठे येतं असं विचारलं. मी बेसबॉलबद्दल बोलत होतो. तसं सांगायला हवं होतं. पण त्यांच्या हातात तिळगूळ होता आणि चेहऱ्यावर श्रद्धा, आणि त्यातलं काही काढून घेणं बरं दिसलं नसतं.

अमेरिकेतल्या आमच्या श्रूजबरीत एप्रिल येतो तो चिखल घेऊन. पार्किंगच्या कोपऱ्यांत बर्फाचे काळवंडलेले ढीग अजून असतात. अंगणाअंगणात झाडांच्या बुंध्याशी ओला लाकडी भुसा टाकलेला असतो, त्याचा आंबूस वास गाडीच्या बंद काचेतूनही आत येतो. शाळेमागच्या मैदानात एक छोटा ट्रॅक्टर लाल मातीवरून लोखंडी जाळी ओढत फिरायला लागतो. आणि मग एका संध्याकाळी ॲल्युमिनियमच्या बॅटचा पहिला 'टिंग' आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून ऐकू येतो. त्यानंतर मला एका जागी बसवत नाही. फ्रिज उघडतो, कशासाठी उघडला ते आठवत नाही, बंद करतो. खिडकीशी जातो, परत येतो. बायको म्हणते, "झालं सुरू. अरे बस ना कुठेतरी, तुझ्याकडे बघून मलाच गरगरतंय."

दोन वर्षांपूर्वीच्या एप्रिलातही मी असाच फिरत होतो, पण तेव्हा निदान कारण होतं. आमची कंपनी दुसऱ्या एका कंपनीने विकत घेतली होती. विकत घेणाऱ्यांनी पाठवलेल्या ईमेलमध्ये 'एका नव्या प्रवासाचा आरंभ' असे शब्द होते. त्या प्रवासात आमच्या सबंध लॅबला जागा नव्हती. नारळ मिळाला तो झूमवर, सव्वासात मिनिटांत.

नेमके त्याच महिन्यात माझे वडील, नाना, सांगलीहून सहा महिन्यांसाठी आले. तिकीट आधीच काढलेलं होतं. मी त्यांना सांगितलं की सध्या वर्क फ्रॉम होम आहे. नानांनी चार दिवस ते ऐकून घेतलं. पाचव्या दिवशी मी सकाळी अकरा वाजता तिसऱ्यांदा गॅरेज झाडत होतो, तेव्हा ते दारात येऊन उभे राहिले.

"नोकरी गेली का रे?"

"नाही, म्हणजे... तुम्हाला कोणी सांगितलं?"

"कोणी कशाला सांगायला हवं? काम नसताना गंभीर चेहऱ्याने इकडून तिकडे फिरणारी माणसं मी कॉलेजात छत्तीस वर्षं पाहिलीत. फक्त त्यांचे पगार चालू असायचे."

नाना एका कॉलेजच्या ऑफिसात हेडक्लार्क होते. बोनाफाईड, लीव्हिंग, मार्कशीट, मायग्रेशन, सगळे कागद त्यांच्या हातून जात. एकदा कृष्णेचं पाणी ऑफिसात शिरलं आणि खालच्या दोन कप्प्यांतल्या फायलींचा लगदा झाला. पोरं नोकरीचे कॉल हातात घेऊन दारात उभी, आणि आत सर्टिफिकिटांची खीर. त्यानंतर नानांनी आयुष्यात एकच सुधारणा स्वीकारली. आमच्या घरी रेशनकार्ड, माझं दहावीचं गुणपत्रक, आईचं लग्नाआधीचं शिवणकामाचं प्रमाणपत्र, एवढंच काय, कुकरचं वॉरंटी कार्डसुद्धा लॅमिनेट केलेलं आहे. आमच्या लग्नाच्या पत्रिकेलाही त्यांनी सोडलं नाही. उघडता येत नाही, पण टिकली आहे.

*

आमच्या शेजारी वॉल्टर राहतो. ऐंशीच्या घरातला, एकटा, निवृत्त पोस्टमन. लोकांची पत्रं वाटून झाल्यावर उरलेल्या वेळात त्याने जन्मभर बेसबॉलची जुनी कार्डं जमवली, आणि निवृत्त झाल्यावर त्यातली जवळजवळ सगळी देऊन टाकली. नऊ ठेवली. बेसबॉलच्या संघात नऊ जण असतात, म्हणून नऊ. नऊही नकलबॉल टाकणारे पिचर, म्हणजे बेसबॉलमधले गोलंदाज. असा संघ जगातला एकही सामना जिंकणार नाही, हे त्याला मान्य होतं.

नकलबॉल म्हणजे काय, हे मला त्यानेच त्याच्या अंगणात उभं राहून सांगितलं. बाकीचे पिचर चेंडूला गरगर फिरवतात, म्हणून तो सरळ तरी जातो किंवा शहाण्यासारखा वळतो तरी. नकलबॉल टाकणारा चेंडूत नखं रुतवतो आणि तो असा हळूच ढकलतो की चेंडू फिरतच नाही. न फिरणारा चेंडू हवेत बावचळतो. थरथरतो, थबकल्यासारखा वाटतो, डावीकडे जातो म्हणेपर्यंत खाली बसतो. कुठे जाणार हे बॅटवाल्याला ठाऊक नसतं, झेलणाऱ्याला ठाऊक नसतं, आणि टाकणाऱ्याला विचारलं तर तो हसतो. जमला नाही तर तो फक्त एक संथ, सोपा चेंडू असतो, आणि मग तो सापडतो थेट प्रेक्षकांत.

बेसबॉलला महानतेची भारी हौस आहे, थोर खेळाडूंसाठी एक दालनच बांधलेलं आहे. ब्राँझचे मुखवटे, काचेखालचे बूट, डोळे पुसत केलेली भाषणं. त्या दालनात नकलबॉलवालेही मोजके आहेत, पण चुकून दुसऱ्याच लग्नात जेवायला बसल्यासारखे. कारण या चेंडूकडे हौसेने आलेले थोडे. कोणाचा खांदा गेला, कोणाचा वेग मुळातच नव्हता, कोणाला संघाने हाकलायचं ठरवलं होतं; मग काहीच उरलं नाही म्हणून नखं रुतवून पाहिली. आणि गंमत अशी की वेगवाले तिशीत संपले, हे मात्र चाळिशी उलटल्यावरही केस गेलेले, पोट सुटलेले, धट्ट्याकट्ट्या पोरांना हवेत बॅट फिरवायला लावत राहिले. जपायचं काय, तर नखं. जुन्या नकलबॉलवाल्यांच्या खिशात कानस असे. नख तुटलं की त्या दिवसापुरती महानता बंद.

त्या वसंतात, नोकरीचे अर्ज पाठवत आणि उत्तरं न येताना पाहत, मला ही माणसं फार जवळची वाटायला लागली. हे मी कोणाला सांगितलं नाही. पंचेचाळिशीतल्या माणसाने असल्या गोष्टींत धीर शोधणं ही फार वरच्या दर्जाची फिलॉसॉफी नव्हे.

माझी मुलगी ईरा तेव्हा सोळा वर्षांची होती. शाळेतून आली की वॉल्टरच्या ड्राइव्हवेवर. तो खुर्चीत बसून सूचना देई, ती गॅरेजच्या दाराला लावलेल्या गादीवर चेंडू फेकी. नाना शेजारच्या खुर्चीत, हाताची घडी घालून बसत. नाना तरुणपणी क्लबात लेगस्पिन टाकायचे. चेंडू फिरवायचा नाही ही कल्पनाच त्यांना अनैतिक वाटे.

"अगं, फिरवायचा नाही तर देवाने मनगट कशाला दिलंय?"

"आजोबा, दॅट्स द होल पॉइंट. नो स्पिन."

"पॉइंट बिइंट काही नाही. ह्या मिस्टर वॉल्टरना विचार, मग बोटांनी करायचं काय?"

ईराने भाषांतर केलं. वॉल्टर विचार करून म्हणाला, "बोटांनी काही करायचं नाही. तेच अवघड आहे."

नानांनी ते ऐकलं, मान हलवली आणि मला मराठीत म्हणाले, "भला माणूस आहे. पण कोणीतरी फसवलंय त्याला."

*

मेच्या शेवटी वॉल्टरच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. त्यानंतर महिनाभर त्याला पुनर्वसन केंद्रात राहायचं होतं. त्याची पुतणी घर आवरायला येणार होती, आणि ती आवरते म्हणजे फेकते, असं तो म्हणाला. म्हणून जाण्याआधी त्याने कार्डांचा डबा माझ्या हातात दिला. जुलैत गावच्या लायब्ररीत त्याच्या नऊ कार्डांना एक काचेची पेटी मिळणार होती. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी ती बघायला मागितली होती. "सांभाळ," तो म्हणाला. एवढंच. पोस्टमन माणूस, वस्तू दिली की सूचना देत नाही.

डबा आमच्या जेवणाच्या टेबलावर उघडला गेला. जाड पुठ्ठ्याची कार्डं, निळं आकाश जरुरीपेक्षा जास्त निळं, पिचर उगीचच हात वर करून उभे. पाठीमागे बारीक आकडे आणि एकावर च्युइंगगमचा गुलाबी डाग, कारण पूर्वी ती गमच्या पाकिटात मिळत. प्रत्येक कार्ड एका पारदर्शक प्लॅस्टिकच्या खोळीत होतं. नानांनी एक उचलून उजेडात धरलं.

"हे वरून उघडं आहे."

"हो, तसंच असतं ते."

"म्हणजे पाणी आत जाणार," नाना म्हणाले. त्यांच्या आवाजात मला कृष्णा ऐकू यायला हवी होती. मी फोन बघत होतो. कुठल्याशा कंपनीने आपण दुसऱ्या उमेदवाराची निवड केली असल्याचं कळवलं होतं.

लॅमिनेशनचं मशीन घरातच होतं. बायको रविवारच्या मराठी शाळेत शिकवते, बाराखडीची कार्डं करायला तिने ते घेतलं होतं. दुसऱ्या दिवशी मी डेंटिस्टकडून परत आलो तेव्हा टेबलावर नऊ महान नकलबॉलर ओळीने ठेवलेले होते, कमळातल्या 'क' आणि खटाऱ्यातल्या 'ख'च्या शेजारी, तितकेच चकचकीत. प्लॅस्टिकचे कोपरे टोचू नयेत म्हणून नानांनी कात्रीने गोल केले होते. दोन ठिकाणी कात्री जरा आत गेली होती. एका कोपऱ्यात भोक पाडून सगळी दोऱ्यात ओवायचा विचार होता, पण पंच सापडला नाही.

"आता बघ," नाना म्हणाले. "शंभर वर्षं काही होत नाही."

मी काय बोललो ते आठवत नाही. बहुधा "छान" म्हणालो. ज्या माणसाने तुमचं दहावीचं गुणपत्रक पुरापासून जपलं, त्याला लगेच वेगळं काय सांगणार? मग गॅरेजात जाऊन मी वूस्टरमधल्या एका कार्डांच्या दुकानात फोन लावला. माझी गोष्ट पलीकडच्या माणसाने पुन्हा एकदा सांगायला लावली. म्हणाला, जुन्या कार्डाचा जीव त्याच्या कोपऱ्यांत आणि पृष्ठभागात असतो, आणि तुमच्या कार्डांना आता दोन्ही नाहीत. मी विचारलं, काढता येईल का? तो म्हणाला, "काढायला जाऊ नका. एकच सांगतो. काढायला जाऊ नका."

रिकामा न्हावी कुडाला तुंबड्या लावी. पुढचे दहा दिवस मी इंटरनेटवर लॅमिनेशन काढण्याचे व्हिडिओ पाहिले. प्रत्येकात एक आत्मविश्वासू माणूस आणि एक हेअर ड्रायर होता. एका मंगळवारी दुपारी, नाना झोपले असताना, मी बाथरूमच्या ओट्यावर एक कार्ड ठेवलं. मुद्दाम सगळ्यात म्हाताऱ्या पिचरचं निवडलं, त्याने आयुष्यात बरंच सोसलं असेल असं वाटून. ड्रायर चालू केला. प्लॅस्टिक सुटायला लागलं. मला खरोखर आनंद झाला. मग दिसलं की प्लॅस्टिकबरोबर त्याचा चेहराही सुटतोय.

दारात ईरा उभी होती.

"बाबा. यू डिड नॉट."

"हळू बोल. आजोबा झोपलेत."

"ओह माय गॉड. हे आजोबांनी नाही केलं. हे तू केलंस."

"माहितेय मला."

"सो तू सांगणार आहेस ना? वॉल्टरला? आजोबांना पण?"

"सांगतो."

"व्हेन?"

मी ड्रायरची वायर गुंडाळत राहिलो. ते तुकडे मी एका पाकिटात घालून टूलबॉक्सच्या तळाशी ठेवले. उरलेली आठ डब्यात ठेवून वर रुमाल घातला. आणि खरं सांगायचं तर माझ्या मनात एक हिशोब तयारच होता, फार नीटसही: नानांनी नऊ लॅमिनेट केली, त्यात एक बिघडलं असं कोणीही समजेल, म्हाताऱ्या माणसावर कोण रागावतं? मला ते उघडपणे कुणाला सांगायचीही गरज नव्हती. नुसतं गप्प बसलं की झालं असतं. बोटांनी काही करायचं नाही.

त्या तीन आठवड्यांतली माझी अवस्था कशी होती, तर मी दिवसाकाठी गावाला दोन फेऱ्या मारत होतो. मैदानाशी थांबायचो. पोरं सराव करत असायची, टिंग, टिंग. उभं राहवत नसे, घरीही जाववत नसे. ईरा जेवताना माझ्याकडे बघायची. मी मीठ मागायचो.

*

वॉल्टर परत आला तो एका गुरुवारी, वॉकर घेऊन. नानांनी इस्त्रीचा शर्ट घातला, वर कोट. जूनच्या अखेरीला कोट.

"नाना, कोट कशाला?"

"दुसऱ्याची वस्तू परत करताना नीट जावं. आणि तू दहा मिनिटं बोलू नकोस. काम माझं आहे, मीच सांगणार."

वॉल्टर दिवाणखान्यात खिडकीशी बसला होता, वजन घटलेला. नानांनी डबा दोन्ही हातांनी त्याच्यासमोर धरला आणि पाठ केलेलं वाक्य म्हटलं, "मिस्टर वॉल्टर, आय हॅव मेड देम परमनंट."

वॉल्टरने झाकण काढलं, रुमाल बाजूला केला. पहिलं कार्ड हातात घेतलं. अंगठा कोपऱ्यावरून फिरवला. मग दुसरं. त्याचा चेहरा बदलला नाही, फक्त तो प्रत्येक कार्डाला जरा जास्त वेळ द्यायला लागला. शेवटी त्याने ती टेबलावर ओळीने मांडली.

"आठ आहेत," तो म्हणाला.

नाना हसले. "नो, नो. नाइन. आय हॅव काउंटेड."

"आठ," वॉल्टर पुन्हा, सौम्यपणे.

नानांनी मोजली. बोटाने, मग ओठ हलवत. मग डब्यात पाहिलं. रुमाल झटकला. मग कोटाचा खिसा चाचपला, जणू कार्ड तिथे असू शकतं, आणि दुसरा खिसा. मग माझ्याकडे पाहिलं. "अरे, नऊ होती ना? मी नऊ केली होती ना?" हा प्रश्न कार्डांबद्दलचा नव्हता. सत्त्याहत्तर वर्षांचा माणूस, ज्याच्या टेबलावरून छत्तीस वर्षांत एक कागद हरवला नाही, स्वतःच्या डोक्यातला कप्पा उघडून बघत होता, आणि तो रिकामा निघेल की काय या भीतीने त्याचा आवाज बारीक झाला होता.

वेगवान पिचरचा चेंडू पोचायला अर्धा सेकंदही लागत नाही. नकलबॉलला थोडा जास्त लागतो.

"नऊच होती," मी आधी मराठीत म्हणालो. "तुमचं बरोबर आहे, नाना. एक मी खराब केलं." आणि मग तेच इंग्रजीत.

वॉल्टरने विचारलं, "कोणतं?"

मी सांगितलं.

"अर्थात, तेच असणार," तो म्हणाला. मग म्हणाला, "कशाने?"

"हेअर ड्रायर."

"लो की हाय?"

"हाय."

त्याने निदान ऐकून घेणाऱ्या माणसासारखी मान हलवली. मग म्हणाला की तो दमलाय, आणि आम्ही आलो याबद्दल आभार मानले. अमेरिकन माणूस इतका सभ्य झाला की समजावं, संपलं.

घरी येताना, दोन अंगणांमधल्या ओल्या गवतावर नाना थांबले. मला वाटलं, आता ऐकावं लागणार. "मला वाटलं माझं डोकं गेलं," ते म्हणाले, आणि चष्मा काढून पुसला. मग दोन पावलं चालून, "माझं लॅमिनेशनही चुकलंच ना?" मी म्हणालो, हो. "मग आल्याबरोबर का नाही बोललास, गाढवा? नुसतं 'छान' म्हणालास."

उन्हाळाभर वॉल्टर खिडकीतून हात करी. ड्राइव्हवेवर बोलावणं आलं ते फक्त ईराला. जुलैत लायब्ररीत काचेची पेटी उघडली. विश्वस्त बाईंनी वारसा, स्मृती आणि अमेरिकन आत्मा यांवर पंधरा मिनिटं भाषण केलं. पेटीवरच्या दिव्याचा झोत प्लॅस्टिकवरून असा परावर्तित होत होता की आठांपैकी एकाही खेळाडूचा चेहरा दिसत नव्हता. लोक माना वाकड्या करकरून बघत होते. नवव्या जागेवर फक्त नावाची चिठ्ठी होती. वॉल्टरला दोन शब्द बोलायला सांगितलं, तेव्हा तो एवढंच बोलला, "चकाकतात, त्यात लायब्ररीचा दोष नाही." नाना कोट घालून पहिल्या रांगेत बसले होते. सप्टेंबरात ते सांगलीला परतले. मला ऑक्टोबरात नोकरी लागली, आधीपेक्षा जरा लहान. दोन वर्षं वॉल्टर आणि मी हवामानाबद्दल बोलत राहिलो. श्रूजबरीत हवामान पुष्कळ आहे.

*

परवा, मैदानावरचा पहिला 'टिंग' ऐकून मी खिडकी ते फ्रिज फेऱ्या मारत असताना, दारावर वॉल्टर उभा. हातात काठी, काखेत डबा. लायब्ररीने पेटी पुन्हा देऊ केली होती आणि त्याची गाडी चालवणं आता बंद होतं.

"नेशील?"

मी हो म्हणालो, पण हात पुढे झाले नाहीत. "मी?"

"तूच. दुसऱ्या कोणाला सांगू?"

त्याने डबा माझ्या हातात दिला. परत जायला वळला, मग पुन्हा थांबून विचारलं, "तुझे वडील बरे आहेत?"

"बरे आहेत."

"सांग त्यांना, विचारत होतो म्हणून."

गाडीत बसलो. डबा शेजारच्या सीटवर ठेवला आणि निघालो. माणूस माणसावर दुसऱ्यांदा विश्वास टाकतो, यापेक्षा मोठं काय असतं, असं काहीसं मनात येत होतं. दोन वर्षांत पहिल्यांदाच मला स्वतःबद्दल उदात्त विचार येत होते, आणि त्यात पुढचा सिग्नल लाल झालेला मला जरा उशिरा दिसला. ब्रेक दाबला. डबा सीटवरून खाली गेला, झाकण उघडलं, आणि पाठोपाठ माझा कॉफीचा कपही गेला.

लायब्ररीच्या पार्किंगमध्ये मी आठही कार्डं ओल्या टिश्यूने दोन्ही बाजूंनी पुसली. एकालाही काही झालेलं नव्हतं.